मलेरियातलं अंगदुखणं: कुठं दुखतंय ते लिहा, रक्त तपासा, मग आराम कसा द्यायचा ते बघू

मलेरिया म्हटलं की सगळे तापाचंच बोलतात. थंडी वाजते, ताप चढतो, घाम येतो. पण ज्याला झालाय त्याला विचारा, तो आधी दुखण्याचं सांगेल. माझ्या नवऱ्याला पावसाळा संपता संपता झाला होता तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, "अगं, लाटण्यानं झोडपल्यासारखी कंबर झालीय", आणि थर्मामीटर तेव्हा जेमतेम ९९ दाखवत होता. आम्ही घणसोलीला राहतो, तो उलव्याला एका साइटवर सुपरवायझर, स्लॅब भरायचा असला की रात्र रात्र तिथंच, त्यामुळे कंबर दुखणारच असं आम्ही दोघं धरून चाललो. जवळच्या एका दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन मिळालं, रात्री बरं वाटलं, सकाळी परत कामावर. असे चार दिवस गेले आणि मग रक्त तपासलं तर व्हायवॅक्स नावाच्या प्रकारचा मलेरिया, वर प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) पण खाली आलेल्या. ते चार दिवस मला अजून डाचतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, म्हणजे तुमच्या घरात असं कुणी "अंग मोडून आलंय" म्हणत पडलं तर पहिल्या दिवसापासून काय करायचं ते समजेल.

मी डॉक्टर नाही. खाली लिहिलंय ते डॉक्टरांकडून समजून घेतलेलं, घरी करून बघितलेलं, आणि औषधाची मात्रा जिथं लिहिलीय तिथंही तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

आधी हे दुखतं कशानं ते थोडक्यात

डास चावल्यावर जंतू आधी लिव्हरमध्ये जातात, तिथं वाढतात, तेव्हा काहीच जाणवत नाही. साधारण १० ते १५ दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, ते रक्तात उतरतात आणि तांबड्या पेशीत शिरतात. आत वाढून वाढून पेशी फोडून बाहेर येतात, एका पेशीतून डझन दोन डझन नवे. अशा असंख्य पेशी एकाच वेळी फुटल्या की त्यातला सगळा कचरा रक्तात सांडतो, शरीर त्याच्याशी लढायला जी रसायनं सोडतं त्यानंच हुडहुडी भरते, डोकं फुटायला लागतं आणि मांड्या, कंबर, पाठ, पोटऱ्या ठणकतात. म्हणजे स्नायूला काही लागलेलं नसतं, दुखण्याचं मूळ रक्तात असतं, आणि म्हणूनच बाम चोळून, शेक देऊन किंवा दुखण्याची गोळी घेऊन ते तात्पुरतं दबतं आणि परत येतं. व्हायवॅक्समध्ये पेशी फुटायचं चक्र ४८ तासांचं, म्हणून एक दिवसाआड जास्त त्रास. पण पहिल्या आठवड्यात हे असं शिस्तीत येईलच असं नाही, रोज पण येतो, आणि फाल्सिपेरम ह्या दुसऱ्या, जास्त धोक्याच्या प्रकारात तर वेळापत्रक धरून बसूच नका. "आज बरं वाटतंय म्हणजे मलेरिया नसेल" ही चूक आमच्याकडे झाली, तुम्ही करू नका.

पहिली पायरी: दुखणं लिहून काढा

ऐकायला फालतू वाटेल पण सगळ्यात जास्त उपयोग ह्याचा झाला. आमच्याकडे स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, दुधाचा हिशोब त्यावरच. सासूबाई म्हणाल्या, अगं त्याच चौकटीत लिही. मग मी त्या दिवसापासून बारीक अक्षरात लिहायला लागले. "दु. ३ थंडी, ३.४० ताप १०३, डोकं कपाळाला, कंबर, उलटी १. रात्री ९ घाम, दुखणं कमी." डॉक्टरांना कॅलेंडरचं पान काढूनच नेऊन दाखवलं, त्यांनी दोन मिनिटांत वाचलं आणि सरळ विचारलं, "ताई, डाव्या बरगडीखाली दुखतंय हे कधीपासून?" आम्ही ते तोंडी सांगायला विसरलो असतो.

लिहायचं काय, तर कधी सुरू झालं, कुठं, कसं (ठणका आहे, कळ येते, टोचतं, जड वाटतं), थंडीच्या आधी दुखतं का ताप चढल्यावर, घाम आल्यावर उतरतं का, आणि कुठली गोळी किती वाजता दिली. ही शेवटची नोंद तर हवीच, कारण घरात तीन माणसं काळजी घेत असली की एकच गोळी दोनदा दिली जाते. ताप उतरून घाम आल्यावर जे दुखणं उतरतं ते तापाच्या चक्रातलं. ताप उतरला तरी एकाच जागी धरून बसलेलं, किंवा वाढत चाललेलं दुखणं मात्र डॉक्टरांना वेगळं सांगायचं.

लहान मुलं दुखतंय म्हणून सांगत नाहीत, ती किरकिर करतात, कडेवरून उतरत नाहीत, खात नाहीत, पोट धरतात. तेही लिहा.

दुसरी पायरी: रक्त, आणि ते पण त्याच दिवशी

आपल्याकडे ठाणे, नवी मुंबईत पावसाळ्यात अंगदुखी आणि ताप म्हटलं तर चार नावं डोक्यात येतात. डेंग्यूत डोळ्यांच्या मागं दुखतं, हाडं दुखतात. चिकनगुनियात मनगट, घोटे, बोटांचे सांधे धरतात. साचलेल्या पाण्यातून चालून गेला असाल आणि पोटऱ्या हात लावू देत नसतील, डोळे लाल असतील तर लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. मलेरियात हुडहुडी, कपाळ, कंबर, मांड्या. पण हे नुसतं डोक्यात ठेवायला, ह्यावरून घरी निदान करायचं नाही, कारण हे सगळे एकमेकांसारखे दिसतात आणि कधी कधी दोन एकत्र पण असतात. पाण्यातून चालला असाल तर ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

मलेरियासाठी दोन तपासण्या. एक काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून मायक्रोस्कोपखाली बघतात, लॅबवाले स्मिअर म्हणतात. दुसरी कार्ड टेस्ट, प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी असते, १५-२० मिनिटांत कळतं. महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात बोटाला टोचून रक्त घेतात. रिपोर्टवर पीव्ही लिहिलंय का पीएफ हे बघा. पीव्ही म्हणजे व्हायवॅक्स, पीएफ म्हणजे फाल्सिपेरम, आणि दोघांचं औषध वेगळं. सोबत सीबीसी सांगतात, त्यात हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स कळतात.

थंडी वाजत असतानाच रक्त द्यावं लागतं असं बरेच जण सांगतात आणि त्या नादात दिवस घालवतात. थांबू नका, कधीही द्या. पॅरासिटामॉल घेतली तर रिपोर्ट बिघडत नाही, त्यामुळे दुखणं सहन करत बसायची पण गरज नाही. मात्र घरातली जुनी उरलेली मलेरियाची गोळी टेस्टच्या आधी घेतली तर जंतू कमी होतात आणि रिपोर्ट फसतो. पहिली टेस्ट निगेटिव्ह आली आणि थंडी-ताप चालूच असेल तर दुसऱ्या दिवशी परत द्या, एका निगेटिव्हवर निश्चिंत होऊ नका.

तिसरी पायरी: दुखण्याची गोळी, कुठली आणि कुठली नाही

पॅरासिटामॉल. एवढंच. बाकी दुखण्याच्या गोळ्या कपाटात ठेवून द्या.

मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, लागली तर सहा तासांनी पुढची, दोन गोळ्यांत चार तासांपेक्षा कमी अंतर कधीच नको. ६५० च्या चार म्हणजे २६०० मिलीग्रॅम, आम्ही दिवसाला त्याच्या वर गेलो नाही. धडधाकट मोठ्या माणसासाठी वरची हद्द २४ तासांत ४००० आहे, पण मलेरियात लिव्हरवर आधीच ताण असतो, त्यात कावीळ, रोजची दारू किंवा वजन अगदी कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि सर्दीच्या गोळ्या, घसादुखीच्या गोळ्या ह्यांची पट्टी उलटी करून वाचा, त्यातही बऱ्याचदा पॅरासिटामॉलच असतं, नकळत डबल होतं.

मुलांना वजनावर. एका वेळी साधारण १५ मिलीग्रॅम दर किलोला, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या बाळाला १५० मिलीग्रॅम झाले. आता गंमत नाही, नीट वाचा, सिरप दोन ताकदीचं मिळतं. ५ मिलीत २५० वालं असेल तर ३ मिली, ५ मिलीत १२० किंवा १२५ वालं असेल तर साधारण ६ मिली. शेजारणीनं सांगितलं "एक चमचा दे" तर कुठल्या बाटलीतला चमचा ते आधी बघा.

नको ते म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन, आणि ज्या गोळीत पॅरासिटामॉलसोबत ह्यातलं काही मिसळलेलं असतं त्या. मेडिकलवाल्याला "अंगदुखीची दे" म्हटलं की बऱ्याचदा हीच मिश्र गोळी हातात येते. मलेरियात प्लेटलेट्स पडतात, डेंग्यू नाही हे अजून सिद्ध झालेलं नसतं, त्यात ह्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, उलट्या होऊन पाणी कमी झालेलं असताना किडनीला पण मार बसतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना तर अॅस्पिरिन नाहीच. आमच्या सासूबाई गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅकची गोळी घेतात, अशी कुणी वडीलधारी व्यक्ती आजारी पडली तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना ते सांगा. आणि हृदयासाठी किंवा रक्त पातळ करायला अॅस्पिरिन चालू असेल तर मनानं बंद करू नका, तेही डॉक्टरच ठरवतील.

चौथी पायरी: थंडी, ताप, घाम, तिन्ही वेळी दुखणं वेगळं असतं

थंडीची वेळ साधारण पाव तास ते तासभर. दात वाजतात, पलंग हलतो, सगळे स्नायू आखडलेले असतात आणि नंतरचं थोडंफार अंगदुखणं ह्या आखडण्यातूनही येतं. तेव्हा एक चादर, एक पातळ ब्लँकेट, पायात मोजे, कोमट पाणी घोट घोट. गोधड्यांवर गोधड्या टाकून माणूस दाबू नका. नवरा अंगाचं मुटकुळं करून पडायचा, मी नुसते पाय धरून बसायचे, त्याला त्यानं बरं वाटायचं.

मग ताप चढतो, दोन ते सहा तास. डोकं सगळ्यात जास्त आत्ता दुखतं. पांघरुणं काढा, पंखा लावा, खोलीत अंधार करा, टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. कोमट पाण्यात रुमाल पिळून कपाळ, मान, काखा पुसायच्या. बर्फ किंवा फ्रीजचं पाणी नको, त्यानं परत कुडकुडी भरते आणि अंग पुन्हा आखडतं. पाणी कमी पडल्यामुळेही डोकं जास्त दुखतं हे मला आधी माहीतच नव्हतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एकदम पेलाभर दिलं तर उलटी होते, दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे द्या. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरतंय.

घाम सुटला की माणूस गळून झोपतो. ओले कपडे लगेच बदला, अंग पुसा, आणि उठला की खायला द्या. मऊ भाताची पेज, मुगाची पातळ खिचडी, केळं, जे जाईल ते. मलेरियात रक्तातली साखर उतरू शकते, मुलांमध्ये आणि गरोदर बायकांमध्ये जास्त, त्यामुळे तापात लंघन करायचं हे जुनं सांगणं इथं चालणार नाही.

अंग चेपण्याबद्दल, कारण हे आपल्या प्रत्येक घरात होतं

पोटऱ्या, खांदे, कपाळ हलक्या हातानं चेपलं तर हरकत नाही, बरंच वाटतं. पण आपल्याकडे लहान पोराला पाठीवर उभं करून पाठ तुडवून घ्यायची सवय असते, आणि पोट दुखलं की तेल लावून पोट चोळायची. मलेरियात ह्या दोन्ही गोष्टी अजिबात नाही. कारण पानथरी, म्हणजे प्लीहा (स्प्लीन). डाव्या बाजूला बरगड्यांच्या आत असते, फुटलेल्या पेशी तीच गाळते, आणि मलेरियात ती सुजून मोठी आणि नाजूक होते. तिथं जड वाटणं, खोल श्वास घेतला की दुखणं, जेवल्यावर लवकर पोट भरल्यासारखं होणं हे त्याचं लक्षण. तिथं जोर पडला तर ती फाटू शकते, असं क्वचित होतं पण झालं तर आत रक्तस्राव होतो. नवऱ्याला डॉक्टरांनी हात लावून दाखवली होती. बरं झाल्यावरही क्रिकेट, जिम, वजन उचलणं, गच्च भरलेल्या लोकलमध्ये रेटारेटी हे सगळं डॉक्टर तपासून हो म्हणेपर्यंत बंद. आम्ही तर ट्रान्स हार्बर लोकलची गर्दीची वेळ टाळून त्याला दुपारी दवाखान्यात न्यायचो.

ही दुखणी दिसली तर घरी थांबायचं नाही

डाव्या बरगडीखाली अचानक जोराची कळ, ती डाव्या खांद्यात जाते, सोबत चक्कर, घाम, रंग पांढरा पडणं. डोकं असह्य दुखतंय आणि मान वळत नाही, किंवा माणूस असंबद्ध बोलतोय, झोपेतून उठवलं तरी उठत नाही, झटका आला. छातीत आवळतंय, धाप लागतेय. पोटात सतत दुखून उलट्या थांबत नाहीत, गोळी पोटात टिकत नाही. डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी किंवा दिवसभरात झालीच नाही. नाकातून, हिरड्यांतून रक्त. गरोदर बाईला ताप असताना पोटात कळा किंवा बाळाची हालचाल कमी वाटणं. ह्यातलं एक जरी असलं तरी रात्र असो, पाऊस असो, निघायचं. फाल्सिपेरममध्ये तब्येत एका दिवसात पार फिरू शकते.

१०८ ला फोन लावा. नवी मुंबईत वाशी, नेरूळ, ऐरोलीला महापालिकेची हॉस्पिटलं आहेत, ठाण्याकडच्यांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल. निघताना रिपोर्ट, गोळ्यांच्या पट्ट्या आणि ते कॅलेंडरचं पान सोबत घ्या, आणि पोचल्या पोचल्या "मलेरिया पॉझिटिव्ह आहे" किंवा "मलेरियाचा संशय आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा.

औषधाचं स्वतःचं दुखणं

दुखणं खरं थांबतं ते मलेरियाच्या औषधानं. व्हायवॅक्सला आपल्याकडे क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन १४ दिवस. फाल्सिपेरमला आर्टेसुनेट असलेलं जोड-औषध तीन दिवस, सोबत प्रायमाक्विनची एक मात्रा. किती मिलीग्रॅम हे वजनावर आणि वयावर डॉक्टर ठरवतात. औषध सुरू झाल्या झाल्या आराम पडत नाही, एक-दोन दिवस ताप, ठणका येऊ शकतो, पण तिसऱ्या दिवसानंतरही तसंच असेल तर परत दाखवा आणि परत रक्त तपासा.

क्लोरोक्विननं मळमळ होते, डोकं जड होतं, अंगाला खाज येते. प्रायमाक्विन उपाशीपोटी घेतली की पोटात मुरडा येतो, आणि इथंच लोक औषध सोडतात. माझ्या नवऱ्यानं पण पाचव्या दिवशी सोडली, ताप गेला होता, पोट दुखत होतं, कशाला घ्यायची म्हणाला आणि मी पण जोर केला नाही. साधारण दोन महिन्यांनी संध्याकाळी पुन्हा तीच कंबर, तीच हुडहुडी. व्हायवॅक्सचे काही जंतू लिव्हरमध्ये झोपून राहतात, क्लोरोक्विन त्यांना मारत नाही, प्रायमाक्विनच मारते, म्हणून ते १४ दिवस. दुसऱ्या वेळी रात्री जेवण झालं की लगेच गोळी, वरून अर्धी वाटी दहीभात, आणि कालनिर्णयवर रोज एक फुली. मुरडा जवळजवळ आलाच नाही. इतकं साधं होतं ते.

प्रायमाक्विनच्या आधी जीसिक्सपीडीची (तांबड्या पेशींतलं एक एन्झाइम) रक्ततपासणी करायची का हे डॉक्टरांना जरूर विचारा, ते कमी असलेल्या काही जणांच्या पेशी ह्या गोळीनं फुटतात. गोळी चालू असताना लघवी गडद तपकिरी झाली, कंबरेत नवीन दुखायला लागलं, डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडे. गरोदर बाईला आणि तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. कुठलीही मलेरियाची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटून पडली तर ती मात्रा बहुतेक परत घ्यावी लागते, फोन करून विचारा.

पेशंट मच्छरदाणीतच झोपवा. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, आजारी माणसाला चावून तोच घरातल्या दुसऱ्याला चावला की पुढची साखळी सुरू. ह्याच्या अळ्या स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतात, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, साइटवर स्लॅबवर भरून ठेवलेलं पाणी. आमच्या सोसायटीच्या टाकीचं झाकण अर्धं तुटलेलं होतं, कित्येक महिने कुणी बघितलं नव्हतं. मी सेक्रेटरी काकांना गच्चीवर नेऊन दाखवलं, त्याच आठवड्यात नवीन बसलं.

बरं झाल्यावर

रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी दोन-तीन आठवडे जिना चढताना मांड्या भरून येतात, दुपारी डोकं जड होतं. पेशी फुटल्यामुळे रक्त कमी झालेलं असतं, हिमोग्लोबिन परत तपासून घ्या, लोहाची गोळी हवी का ते विचारा. नवऱ्याला साइटवरून फोन यायला लागले होते, मी सरळ सांगितलं की आधी आठवडाभर बसून होईल तेवढंच काम. हातावर पोट असणाऱ्यांना हे सोपं नाही हे मला कळतं, तरी निदान ओझं उचलायचं काम थोडे दिवस बदलून मागा. रक्तदान तीन महिने नको.

आणि पीव्ही लिहिलेल्या त्या रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढच्या वर्षभरात कधीही अंग मोडून आलं, थंडी वाजली, तर दवाखान्यात तो फोटो दाखवून म्हणायचं, मला व्हायवॅक्स झाला होता, आधी रक्त बघा.